रोल सेंटर : आरसी गाडीच्या सेटअपमध्ये या चुका टाळा

वळणावर गाडी पलटली की आपला हात सगळ्यात आधी स्प्रिंगच्या डबीकडे जातो. कडक स्प्रिंग टाकली, शॉकमधलं तेल जाड केलं, अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून झुकाव रोखणारी तार) बदलला, तरी गाडी तशीच. दर रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही आठ-दहा जण १/१० मापाच्या, रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) टूरिंग गाड्या पळवतो. तिथे मला एक गोष्ट वारंवार दिसते. रोल सेंटर, म्हणजे वळताना गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, जाणूनबुजून बदलून गाडी बिघडवणारे थोडे असतात. आपल्या हातून ते बदललंय याचा पत्ताच नसलेले मात्र खूप. चासी जमिनीच्या जवळ आणून गाडी खाली उतरवली, वेगळ्या व्यासाचे टायर लावले, धडकेनंतर बॉल स्टड (गोल डोक्याचा स्क्रू, ज्यावर लिंक बसते) परत बसवताना एक शिम, म्हणजे पातळ चकती, टेबलावरच राहिली. एवढ्यानेही गाडीचा स्वभाव पालटतो. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः अशा न कळत होणाऱ्या बदलांबद्दल आहे.

आधी रोल सेंटर काढायचं कसं ते. वळताना चासी बाहेरच्या बाजूला झुकते, आणि ज्या बिंदूभोवती झुकते ते रोल सेंटर. गाडीवर बोट ठेवून ते दाखवता येत नाही, पण आलेख-कागदावर पाच मिनिटांत काढता येतं. गाडी समोरून पाहतोय अशी आकृती काढा. चाक चासीला खालून आर्मने आणि वरून लिंकने जोडलेलं असतं. खालच्या आर्मच्या आतल्या आणि बाहेरच्या पिनेतून एक रेघ ओढा. वरच्या लिंकच्या दोन्ही बॉलमधून दुसरी. दोन्ही रेघा आतल्या बाजूला लांबवा, त्या कुठेतरी एकमेकींना छेदतील. त्या छेदनबिंदूपासून टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या मध्यापर्यंत तिसरी रेघ ओढा. ही तिसरी रेघ गाडीच्या मध्यरेषेला जिथे कापते, तिथे रोल सेंटर. गुरुत्वमध्य याच्या बराच वर असतो आणि दोघांमधलं अंतर म्हणजे चासीला झुकवणारी तरफ. उसाची ट्रॉली जितकी उंच रचावी तितकी ती वळणावर जास्त कलते, तसंच हे आहे. फरक एवढाच की इथे तरफेचं वरचं टोक जागच्या जागी ठेवूनही खालचं टोक वर-खाली करता येतं.

ते टोक वर नेलं की तरफ आखूड होते, गाडी कमी झुकते. वजन स्प्रिंगला न दाबता थेट आर्ममधून बाहेरच्या टायरवर जातं, त्यामुळे गाडी चटकन वळते, पण त्या टोकाची पकड लवकर सुटते. खाली नेलं की झुकाव वाढतो, वजन सावकाश सरकतं, त्या टोकाला पकड जास्त मिळते आणि प्रतिसाद मंदावतो. पुढचं आणि मागचं रोल सेंटर वेगवेगळं असतं, म्हणून हा विचार दोन्ही टोकांसाठी स्वतंत्र करायचा.

शिम वाढवली म्हणजे रोल सेंटर वर गेलं, असं समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं तपशिलात लिहितो. शिम तीन ठिकाणी बसते आणि तिन्ही ठिकाणी तिचा परिणाम वेगळा होतो. सहसा वरची लिंक आतल्या बाजूला किंचित उतरती असते. अशा गाडीत वरच्या लिंकच्या आतल्या बॉलखाली शिम वाढवली की दोन्ही रेघा समांतर होऊ लागतात, छेदनबिंदू लांब पळतो आणि रोल सेंटर खाली येतं. त्याच लिंकच्या बाहेरच्या बॉलखाली शिम वाढवली तर ते वर जातं. खालच्या आर्मची आतली पिन ज्या ब्लॉकमध्ये बसते, त्या ब्लॉकखाली वाढवली तरीही वर जातं.

किती वर, हे पाहण्यासाठी १९० मिलिमीटर रुंदीच्या गाडीचा हिशेब मांडू. टायरचा मध्य मध्यरेषेपासून ८२ मिलिमीटरवर. खालचा आर्म जमिनीपासून १७ मिलिमीटर उंचीवर आणि अगदी सपाट, बाहेरची पिन मध्यरेषेपासून ७५ आणि आतली २५ मिलिमीटरवर. वरच्या लिंकचा बाहेरचा बॉल मध्यरेषेपासून ६९ आणि उंची ४४, आतला बॉल ३७ आणि उंची ४१. रेघा ओढल्या की रोल सेंटर जमिनीपासून साधारण ४.६ मिलिमीटरवर येतं. आता वरच्या लिंकच्या आतल्या बॉलखालून १ मिलिमीटरची शिम काढली तर ते ६.१ वर जातं. त्याऐवजी खालच्या आर्मच्या दोन्ही ब्लॉकखाली तीच १ मिलिमीटर घातली तर ते ७.२ वर पोचतं. म्हणजे शिम एकच, पण खालच्या बाजूला तिचा परिणाम जवळजवळ पावणेदोनपट. म्हणून खालच्या ब्लॉकला हात लावताना ०.५ मिलिमीटरच्या पायरीनेच जावं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या गाडीची मापं वेगळी असतील. वर्निअरने मोजा आणि स्वतःची आकृती काढा, दुसऱ्याच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका.

गाडी खाली उतरवली की झुकाव कमी होईल, ही समजूत

शॉकची कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती कडी) फिरवून गाडी १ मिलिमीटर खाली घेतली. गुरुत्वमध्य १ मिलिमीटर खाली आला, हे बरोबर. पण आर्म आणि लिंक यांची आतली टोकंही चासीबरोबर खाली आली. वरच्याच आकृतीत हा बदल केला तर रोल सेंटर ४.६ वरून ३.५ वर उतरतं. म्हणजे तरफेची दोन्ही टोकं जवळपास सारखीच खाली आली आणि तरफ होती तेवढीच राहिली. गाडी उतरवण्याचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. गुरुत्वमध्य खाली आल्याने आतल्या टायरवरून बाहेरच्या टायरवर जाणारं एकूण वजन कमी होतं. पण ज्या झुकावासाठी तुम्ही गाडी उतरवली, तो तिथेच राहतो. शिवाय आता चासी घासायला लागते आणि आपण पुन्हा स्प्रिंगला दोष देतो. गाडी १ मिलिमीटर उतरवल्यावर खालच्या ब्लॉकखाली ०.५ मिलिमीटर शिम घातली, तर याच आकृतीत रोल सेंटर ४.८ वर येतं, म्हणजे साधारण पहिल्या जागी. तरफ खऱ्या अर्थाने आखूड होते ती आत्ता.

टायरचंही असंच आहे. फोमचे टायर झिजून व्यास २ मिलिमीटरने कमी झाला आणि तुम्ही कॉलर फिरवून राइड हाइट (चासीची जमिनीपासूनची उंची) पुन्हा पहिल्याइतकी केलीत, तर चासी पूर्वीच्या उंचीवर राहते, पण आर्मची बाहेरची टोकं १ मिलिमीटर खाली गेलेली असतात. आकृतीत रोल सेंटर ०.८ ते ०.९ मिलिमीटर वर सरकतं. नव्या टायरवर उत्तम चालणारी गाडी जुन्या टायरवर अचानक चंचल वाटते, त्यामागे टायरच्या पकडीइतकंच हेही कारण असतं.

एकाच ब्लॉकखाली शिम घालणं

खालच्या आर्मची पिन दोन ब्लॉकमध्ये बसते, एक पुढे आणि एक मागे. घाईत एकाखालीच शिम घातली जाते. मग पिन तिरकी होते आणि रोल सेंटरबरोबर आणखी एक गोष्ट बदलते. मागच्या सस्पेन्शनमध्ये हे झालं तर थ्रॉटल दिल्यावर गाडीची मागची बाजू किती बसते ते बदलतं. पुढे झालं तर ब्रेक मारल्यावर नाक किती खाली जातं ते, आणि कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा तिरकेपणा). दोन ब्लॉकमधलं अंतर ४५ मिलिमीटर धरलं तर १ मिलिमीटरची शिम म्हणजे सुमारे सव्वा अंश. टूरिंग गाडीसाठी हा मोठा आकडा आहे. जाणून करायचं असेल तर जरूर करा, पण त्याची चाचणी वेगळी घ्या.

शिम बदलून थेट ट्रॅकवर जाणं

ब्लॉकखाली शिम गेली की राइड हाइट, ड्रूप (चाक खाली किती लोंबू शकतं ते) आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरकेपणा) तिन्ही हलतात. ते पुन्हा जागेवर आणल्याशिवाय गाडी सोडली, तर तुम्ही रोल सेंटरची चाचणी घेताय की ड्रूपची, हे सांगता येणार नाही. पुढच्या बाजूला आणखी एक गोष्ट असते, बंप स्टिअर. आर्म वर गेला पण स्टिअरिंगचा रॉड होता तिथेच राहिला, तर चाक वर-खाली होताना स्वतःहून आत-बाहेर वळू लागतं. शॉक काढा, चाकाखाली हात धरून ते पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत न्या आणि वरून पाहत राहा. टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, बदलताना दिसला तर स्टिअरिंग रॉडच्या बाहेरच्या बॉलखालची शिम कमी-जास्त करा. खडबडीत सिमेंटवर गाडी सरळ रेषेत थरथरत असेल, तर हे सगळ्यात आधी तपासा.

बिघाड असताना ट्यूनिंग करणं

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे येणारा एक दहावीतला मुलगा दोन आठवडे रोल सेंटरशी झटत होता. "काका, उजवीकडे वळली की मागून निघते. डावीकडे एकदम मस्त." त्याने मागची शिम चार वेळा बदलली होती, वहीत नोंदीही ठेवल्या होत्या. मी त्याला म्हटलं, "आधी शॉक काढ." मागचे दोन्ही शॉक सोडवले, गाडी हातात धरली आणि एकेक आर्म वर उचलून सोडून दिला. उजवा आर्म टपकन खाली पडला. डावा अर्ध्यावरच अडकून राहिला. पिन बाहेर काढून आरशावर लोळवली तर मधोमध डगमगत होती, केसभर वाकलेली. उजव्या वळणात सगळा भार डाव्या बाजूवर येतो, आणि तिथला आर्म हलतच नसेल तर मागचा टायर पकड सोडणारच. नवी पिन टाकली, शिम मूळ जागी आणल्या आणि गाडी दोन्हीकडे सारखी वळू लागली. त्याच्या वहीतल्या दोन आठवड्यांच्या नोंदी मात्र वाया गेल्या, याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्याने त्या फार निगुतीने ठेवल्या होत्या.

एकाच बाजूला दिसणारा दोष सेटअपचा असण्याची शक्यता फार कमी असते. आर्म स्वतःच्या वजनाने पडतो का, बॉल कप (लिंकच्या टोकाच्या वाट्या) मोकळे फिरतात का, डाव्या-उजव्या शिम सारख्या आहेत का, अँटी-रोल बार एका बाजूला ताणला गेलाय का, हे आधी पाहा. मग चासीच्या पुढच्या टोकाला बरोबर मध्यरेषेवर कटरचं पातं लावून गाडी हळूच उचला. एक चाक आधी सुटत असेल तर गाडीत पीळ आहे. पीळ काढल्याशिवाय शिमची डबी उघडू नका.

नवशिक्यांसाठी इथेच एक सांगतो. टामियाची २०१३ साली आलेली टीटी-०२ आपल्याकडे बऱ्याच जणांची पहिली गाडी असते. तिच्या साध्या किटमध्ये घर्षणावर चालणारे, बिनतेलाचे शॉक येतात आणि वरच्या लिंक ठराविक लांबीच्या प्लास्टिकच्या असतात. अशा गाडीत रोल सेंटरच्या मागे लागू नका. आधी तेलाचे शॉक आणि लांबी बदलता येणाऱ्या लिंक बसवा. तोवर शिमने पडणारा फरक तुम्हाला जाणवणारच नाही.

दुसऱ्या ट्रॅकचा सेटअप जसाच्या तसा उचलणं

नावाजलेल्या चालकांच्या सेटअप शीट सहज मिळतात, आणि त्यातल्या पुष्कळशा युरोपातल्या कार्पेटच्या ट्रॅकवरच्या असतात. कार्पेटवर पकड इतकी जास्त असते की गाडी घसरण्याऐवजी उलटते. तिथे पुढचं रोल सेंटर वर ठेवतात, पुढच्या टायरच्या बाजूच्या भिंतीला पातळ सुपर ग्लूचा हात देतात, आणि ते तिथे योग्यच आहे. तोच सेटअप धुळीच्या पार्किंगमध्ये लावला तर गाडी पुढून सरळ घसरत जाते. कमी पकडीच्या जागी टायर जमिनीत रुतवायला थोडा झुकाव लागतो, म्हणजे रोल सेंटर खाली. त्यात पुन्हा सकाळी गार, दमट फरशीवर चालणारी गाडी दुपारी तापलेल्या डांबरावर वेगळी वागते, म्हणून चाचणी एकाच वेळी, एकाच जागी घ्यावी.

दोष वळणात नेमका कुठे दिसतो, हे टिपणं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. थ्रॉटल देऊन वळणातून बाहेर पडताना गाडी वळत नसेल, तर पुढचं रोल सेंटर ०.५ मिलिमीटरच्या शिमने खाली आणून पाहा. थ्रॉटल देताच मागून निघत असेल, तर मागचं खाली. डावी-उजवी अशा झटपट वळणांत गाडी उशिरा उत्तर देत असेल, तर पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच वर. वळणाच्या मधोमध आतली चाकं उचलली जात असतील, तर आधी पुढचं वर न्या आणि स्प्रिंग आहे तीच ठेवा. प्रत्येक बदलानंतर निदान पाच-सहा फेऱ्या मारा, मग शिम मूळ जागी नेऊन पुन्हा पाच-सहा मारा. परत आणल्यावर जुना दोष जसाच्या तसा परतला, तर बदल खरा होता. परतला नाही, तर तेवढ्या वेळात टायर तापले, बॅटरी उतरली किंवा तुमचा हात बसला. अशा वेळी वहीत त्या शिमपुढे काही लिहू नका, दुसरी बॅटरी लावा आणि तीच चाचणी पहिल्यापासून घ्या.