फोर्सेपच्या सांध्यात टूथब्रश फिरवून बघा

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात गेली १८ वर्षं असिस्टंट आहे. नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला दात काढायचा फोर्सेप धुवायला देते. ती घासूनपुसून लख्ख करून आणते. मग मी तिच्यासमोर तो पूर्ण उघडते आणि सांध्यात जुना टूथब्रश फिरवते. ब्रशचे केस लालसर होतात. पुढे काही बोलावं लागत नाही.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारायचं मशीन, धुण्याचं काम करत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. रक्त किंवा दातात भरायचं सिमेंट वाळून चिकटलेलं असेल तर त्याच्याखाली वाफ नीट पोचत नाही आणि तिथले जंतू वाचतात. म्हणून पेशंट उठला की इन्स्ट्रुमेंट वाळू देऊ नका. लगेच धुवायला सवड नसेल तर एन्झाइमच्या (रक्त, घाण सुटी करणाऱ्या) पाण्यात बुडवून ठेवा. धुताना तपासणीचे पातळ ग्लोव्ह्ज नकोत. जाड रबरी ग्लोव्ह्ज, चष्मा, मास्क, एप्रन घाला आणि ब्रश पाण्याखालीच चालवा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत.

बेसिनच्या तळाशी हात घालून चाचपू मात्र कधीही नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि स्केलरचं, म्हणजे दातांवरचा थर खरवडायच्या हत्याराचं, टोक बोटात घुसलं. हिपॅटायटिस बीच्या लसीचा तेव्हा माझा एकच डोस झाला होता. पुढचे सहा महिने प्रत्येक रिपोर्ट हातात येईपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. रिपोर्ट चांगले आले, पण तेव्हापासून नव्या मुलीला माझा पहिला प्रश्न लसीचा असतो. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस घ्यायचे. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायची. रिपोर्टमधला आकडा १० (mIU/mL) किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण तयार झालं. टोचलंच, तर बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात तर मुळीच घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. कृपा करून लपवू नका.

धुतलेलं इन्स्ट्रुमेंट कोरडं करा, सांधा उघडा ठेवून पाऊचमध्ये (वाफ आत जाऊ देणाऱ्या कागदी पिशवीत) घाला, वर तारीख लिहा. मशीन गच्च भरू नका, वाफ फिरायला जागा हवी. आमचं साधं मशीन आहे, त्यात पाऊचसाठी १२१ अंशांना ३० मिनिटं. ही मिनिटं तापमान गाठल्यापासून मोजायची. मध्येच लाइट गेली तर उरलेली मिनिटं पुढे चालवून भागवू नका, सायकल पहिल्यापासून लावा. पाऊचवरची खूण रंग बदलते, पण त्यावरून पाऊच मशीनमधून निघालंय एवढंच कळतं. जंतू मेले का, हे कळायला आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट करावी लागते. जिवंत स्पोअरची (सहजी न मरणाऱ्या चिवट जंतूंची) कुपी भरलेल्या मशीनमध्ये ठेवायची, नंतर उबवायची. वाढ दिसली तर ते मशीन बंद.

पावसाळ्यात जास्त सांभाळा. ठाण्यात जुलैमध्ये दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथे पाऊचचं काय सांगावं! ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. म्हणून मशीनची ड्राय सायकल (वाळवण्याचा टप्पा) पूर्ण होऊ द्या. पाऊच ओलं निघालं तर नव्या पाऊचमध्ये घालून पुन्हा लावा.

सगळ्यात जास्त हलगर्जी हँडपीसची, म्हणजे दात कोरायच्या ड्रिलच्या हातात धरायच्या भागाची होते. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तोच पुढच्या पेशंटला लावणारे दवाखाने मी पाहिलेत आणि मला त्याचा संताप येतो. हँडपीस थांबताना तोंडातली लाळ, रक्त आत ओढलं जाऊ शकतं, ते बाहेरून पुसून कसं निघेल? प्रत्येक पेशंटनंतर २० ते ३० सेकंद पाणी आणि हवा सोडा, मग काढून साफ करा, तेल द्या, ऑटोक्लेव्हला लावा. त्यासाठी हँडपीस पुरेसे हवेत, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायला कचरू नका.

लाइटचं हँडल, खुर्चीची बटणं यांना प्लास्टिकचं आवरण लावा आणि दर पेशंटला बदला. सुया पांढऱ्या, पंक्चर न होणाऱ्या डब्यात, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत.

पाऊच मात्र पेशंट खुर्चीत बसल्यावर त्याच्यासमोरच फोडा. परवा एका आजोबांनी ट्रेकडे बघून विचारलं, "ताई, मघाच्या बाईंना लावलेलंच ना हे?" मी पाऊच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, खूण बघितली आणि तोंड उघडलं.