ब्रॉयलरच्या फीडमध्ये घरचा मका मिसळताय? आधी हा हिशोब करा

घरचा मका पडलाय, टाका फीडमध्ये, पैसे वाचतील. मीपण केलंय हे, आणि पक्षी कापल्यावर आत चरबीचे गोळे, वजन मात्र मागे.

1. पिशवी वाचा. दोन आकडे बघा, प्रोटीन किती टक्के आणि एम.ई. म्हणजे पक्ष्याला वापरता येणारी एनर्जी, किलोमागे किती किलोकॅलरी. भारतीय मानकांत (2007) अगदी लहान पिल्लांचं प्री-स्टार्टर 23 टक्के आणि 3000, त्यानंतरचं स्टार्टर 22 आणि 3100, शेवटचं फिनिशर 20 आणि 3200 असं दिलंय.

2. भागाकार करा. एम.ई. भागिले प्रोटीन. प्री-स्टार्टरला 130 येतं, फिनिशरला 160. लहान पिल्लाला मांस बांधायचं असतं म्हणून त्याचा आकडा कमी, वय वाढेल तसा तो वाढतो.

3. आता मका टाकून बघा, कागदावरच. 80 किलो फिनिशरमध्ये 20 किलो मका. मक्यात प्रोटीन साधारण 9 टक्के, त्यामुळे मिश्रणाचं 20 वरून 17.8 वर येतं, एनर्जी मात्र जेमतेम 3230, आणि भागाकार जातो 181 वर. पक्षी साधारणपणे एनर्जीची भूक भागली की खाणं आवरतं घेतो, मग प्रोटीन पोटात जाणार कुठून, आणि उरलेली एनर्जी चरबी होऊन बसते. मेथिओनिन, लायसिन (प्रोटीनमधली गरजेची अमिनो आम्लं), मिनरल पण पातळ होतात ते वेगळंच.

4. मका वापरायचाच असेल तर 25 किलोला 11 किलो सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड, 45 टक्के प्रोटीनवाली) घ्या, प्रोटीन बरोबर 20 येतं. पण एनर्जी 3030 च्या आसपासच राहते, म्हणून थोडं तेल लागतं, आणि मिनरल, मेथिओनिन, लायसिनचं प्रमाण जाणकाराकडून ठरवून घ्या, अंदाजपंचे नको. बुरशी लागलेला मका तर अजिबात नको, फुकट मिळाला तरी.

उलट नुसती सोया वाढवूनही भागत नाही बरं का. जादा प्रोटीन युरिक अॅसिड होऊन बाहेर पडतं, पक्षी पाणी जास्त पितो, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं होतं आणि शेडमध्ये अमोनियाने डोळे चुरचुरतात.

5. दर आठवड्याला 50 पक्षी वजन करा, शेडच्या सगळ्या कोपऱ्यांतले, हाताला लागतील ते नाही. आतापर्यंत खाल्लेलं फीड भागिले सगळ्या पक्ष्यांचं एकूण वजन म्हणजे एफसीआर. वयाबरोबर हा आकडा थोडा चढतोच, पण फीड बदलल्यावर त्या वयाच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा जास्त चढला तर लगेच जुन्या फीडवर या.

उन्हाळ्यात प्रोटीन पचवताना अंगात उष्णता जास्त होते, तेलाने कमी, त्यामुळे दुपारी फीडर वर उचला आणि पहाटे-रात्री खायला द्या.