उद्या एएफची केस असेल तर आज संध्याकाळीच हे बघून ठेवा

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा (कर्णिकांचा) बिघडलेला ताल. त्यासाठी अ‍ॅब्लेशन करतात: कॅथेटर (बारीक नळी) जांघेतून वर नेऊन, दोन कर्णिकांमधला पडदा सुईने भोसकून डावीकडे जायचं आणि तिथे जाळून जखमा करायच्या. संमतीपत्र, रक्ताचे रिपोर्ट, जांघांची सफाई, रात्रीपासून उपास हे सगळं वॉर्डवाले बघतात. त्यावर शब्द खर्च करत नाही. फक्त रक्त पातळ करायची गोळी गेले तीन आठवडे न चुकता पोटात गेलीय का, हे पेशंटला विचारू नका, त्याला गोळ्या काढून देणाऱ्या घरच्या माणसाला विचारा. सत्तरीतले आजोबा "घेतो म्हणून सांगितलं ना" म्हणतात आणि चवथीच्या धामधुमीतली चार दिवसांची पट्टी तशीच सापडते. शंका आली तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. डाव्या कर्णिकेच्या अपेंडेजमध्ये (तिला जोडलेल्या पिशवीत) गुठळी असेल, तर पुढची सगळी तयारी फुकट.

आता शीथ, म्हणजे कॅथेटर ज्यातून आत जातो ती बाहेरची नळी. डॉक्टरांनी स्टिअरेबल (मूठ फिरवून टोक वळवता येणारी) सांगितलीय का, आणि कोणत्या कर्व्हची, म्हणजे वळणाची? स्मॉल, मीडियम, लार्ज असे कर्व्ह असतात आणि खोकी लांबून सारखीच दिसतात. खोकं हातात घेऊन वाचा. एक्स्पायरीही त्याच वेळी बघा, कारण ही महागडी वस्तू रोज लागत नाही आणि कपाटात मागे सरकते.

आणि सुई. 98 सेंटिमीटरची ट्रान्ससेप्टल, म्हणजे पडदा भोसकायची सुई. परत लिहितो, 98. साधी फिक्स्ड कर्व्हची शीथ 63 सेंटिमीटरची, तिला 71 ची सुई पुरते. म्हणून कपाटात 71 च्याच सुया पडलेल्या असतात आणि "सुई आहे ना?" विचारलं की जो तो "आहे" म्हणतो. स्टिअरेबल शीथचा नुसता शरीरात जाणारा भागच 71 सेंटिमीटर, त्यावर मूठ, त्यावर व्हॉल्व्ह. तिच्यात 71 ची सुई घातली, तर टोक डायलेटरच्या (शीथच्या आतल्या निमुळत्या नळीच्या) आतच राहतं, पडद्यापर्यंत पोचत नाही. मागच्या खेपेला राहिली ती हीच. डॉक्टर फोसावर (पडद्याच्या पातळ जागी) येऊन थांबलेले, टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) चालू, आणि इकडे आपण कपाटं उघडतोय. "सुई आहे" हे उत्तर घेऊ नका. पाकिटावरचा आकडा मोठ्याने वाचायला लावा. उलट घोळ याहून वाईट: 98 ची सुई चुकून 63 च्या शीथमध्ये गेली, तर ती वीतभराहून जास्त बाहेर येते, आणि तिथे हृदय असतं. म्हणून दोन्ही लांबीच्या सुया एका ट्रेत ठेवायच्याच नाहीत.

सुई नसेल तर ते आज कळलं पाहिजे. डीलर "सकाळी पोचवतो" म्हणतो, पण माल बेळगावहून यायचा असेल आणि जुलैत चोर्ला घाटात झाड आडवं झालं, तर त्याची सकाळ दुपारी उजाडते. मॅपिंगचा (हृदयाचा नकाशा काढणाऱ्या मशीनचा) इंजिनीअर दाबोळीला उतरतोय की मोपाला, हेही विचारा; हल्ली गोव्यात दोन विमानतळ झाल्यापासून गाडी भलत्याच ठिकाणी उभी राहते.

98 ची सुई मिळालीच नाही, तर दुसरा मार्ग म्हणजे फिक्स्ड शीथने पंक्चर करून वायरवर स्टिअरेबल चढवायची. मग लांब वायर लागते, आणि तिची जाडीही जुळायला हवी. काही डायलेटरना 0.032 इंचाचीच वायर चालते, 0.035 ची अडकते. हेही पाकिटावर छापलेलं असतं. कोणी वाचत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असं नवीन मुलं विचारतात. 2011 साली जर्मनीतल्या 130 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी एएफपासून मोकळे राहिलेले रुग्ण स्टिअरेबलच्या गटात 76 टक्के, साध्या शीथच्या गटात 53 टक्के. कॅथेटर भिंतीला नीट टेकला तर जखम पक्की होते, आणि तो टेकवायचं काम शीथ करते. म्हणून डॉक्टर हट्ट धरतात.

टेबलावर शीथ, डायलेटर, बाजूची नळी, सगळं हेपॅरिन-सलाईनने फ्लश. मूठ फिरवून टोक दोन्हीकडे वळतंय का बघा, मग सरळ करून ठेवा. वळलेल्या शीथमध्ये डायलेटर ढकलू नका. हवेबद्दल मात्र मी चिडतो. शीथची पोकळी 8.5 फ्रेंच, म्हणजे जवळजवळ 2.8 मिलिमीटर, त्यात पातळ कॅथेटर. भोवती जागा भरपूर. डायलेटर किंवा कॅथेटर झटक्यात ओढला की व्हॉल्व्हमधून हवा आत येते. पेशंट उताणा असतो, हवा वर चढते आणि हृदयाच्या उजव्या कोरोनरी धमनीत शिरते. मॉनिटरवर ईसीजीच्या दोन, तीन, एव्हीएफ या लीडमध्ये एसटीचा भाग वर गेलेला दिसतो. मेंदूत गेली तर बोलायलाच नको. हळू काढा, मग रक्त ओढून घ्या, मग फ्लश. याच क्रमाने. ड्रिपची बाटली रिकामी होऊ देऊ नका. प्रेशर बॅगकडे एकाने नजर ठेवायची आणि तो कोण, हे आधी ठरवायचं. "सगळे बघतात" म्हणजे कोणी बघत नाही.

एसीटीचं (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते सांगणारं) मशीन चालू, त्यात घालायचे क्युव्हेट मोजून. एसीटी 300 सेकंदांच्या वर ठेवायचं असतं. टँपोनाडचा (हृदयाभोवती रक्त साचून ते दाबलं गेलं तर लागणारा) सेट, म्हणजे ते रक्त काढायची पेरिकार्डियोसेंटेसिसची सुई आणि पिगटेल नळी, उघडायचा नाही, पण हात पुरेल तिथे. इको मशीन खोलीतच. अन्ननलिकेचा टेंपरेचर प्रोब. शॉक द्यायचे डिफिब पॅच पेशंट झाकण्याआधी लावायचे.

कॉन्टॅक्ट फोर्सचा (भिंतीवर किती दाब पडतो ते मोजणारा) कॅथेटर शून्य करताना टोक शीथच्या बाहेर आणि भिंतीपासून सुटं हवं, नाहीतर ग्रॅमचे आकडे खोटे.

क्रायो (जाळण्याऐवजी गोठवायचं) असेल तर निराळं. ती शीथ आतून 12, बाहेरून 15 फ्रेंच, कडक वायरवर बदलून घालायची. नायट्रस ऑक्साइडचा सिलिंडर किती भरलाय ते आदल्या दिवशी बघा. पंक्चर कोणत्या शीथने करणार ते विचारा, आणि त्या शीथची सुई काढा. आकडा वाचून.

शेवटाला कॅथेटर बाहेर, शीथ सरळ करून उजव्या कर्णिकेत ओढलेली, प्रोटामिन (रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनचा परिणाम उतरवणारं औषध) सांगितलं तर. जांघेत आठच्या आकड्याचा टाका. पाय वाकवायचा नाही, हे नातेवाइकांनाही सांगा. टाका कोण सोडवणार आणि कधी, ते वॉर्डच्या कागदावर नाव घालून लिहा.