नॅसवर फाईल कॉपी होईना? आधी फाईलचं नाव बघा

आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत लग्नपत्रिका आणि फ्लेक्स डिझाईनचं ऑफिस, पाच कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्डडिस्कचा डबा. पेनड्राईव्ह घेऊन या टेबलावरनं त्या टेबलावर पळायचं त्यानं बंद झालं खरं, पण नवी दुखणी मागं लागली आणि त्यातली निम्मी डब्याची नव्हतीच, आपण फाईलींना मराठीत नावं देतो त्याची होती. म्हणून सुरुवात तिथनंच.

फाईल आपल्या मशीनवर झकास उघडते पण नॅसवर टाकताना अडते, तर पहिल्यांदा नावाची लांबी बघा. विंडोज नावातली अक्षरं मोजतं आणि २५५ पर्यंत चालवून घेतं. डब्याच्या आत बहुतेक लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम असतंय, ते बाइट, म्हणजे नाव साठवायला लागणारी जागा मोजतं, तेही २५५ च. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण यांना पण प्रत्येकी ३. ‘लग्नपत्रिका’ तोंडानं म्हणायला पाच अक्षरं, मशीनच्या हिशोबात ११ चिन्हं म्हणजे ३३ बाइट. त्यामुळं मराठी नाव ८५ चिन्हांतच संपतं. सिनॉलॉजी कंपनीच्या डब्यावर फाईल टाकायचा शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट, म्हणजे पासवर्डनं कुलूपबंद केलेला असेल तर मर्यादा आणखी खाली, १४३ बाइट. आमच्याकडची खरी फाईल सांगतो, ‘पाटील लग्नपत्रिका फायनल नवीन दुरुस्त आता खरंच शेवटची’, कोरलड्रॉचं .cdr हे शेपूट धरून १४६ बाइट. तीन बाइटसाठी, म्हणजे एका मात्रेपायी, अर्धा तास घालवला.

दुसरी गंमत ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ असल्या शब्दांची. हा ऱ्या दोन तऱ्हेनं टाईप होतो, एक सरळ ऱ हे वेगळं अक्षर घेऊन आणि दुसरा साधा र, पाय मोडून, मधी एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही सारखंच, मशीनला दोन वेगळी नावं, म्हणून सर्च केलं की फाईल सापडत नाही किंवा एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाईली दिसतात आणि आपण भूतबाधा झाल्यासारखं बघत बसतो. जुन्या मॅकच्या डिस्कवर तर ऱ फोडून र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असा ठेवला जातो, तिथनं आणलेल्या फाईलीत हाच घोळ. तोडगा एकच, नाव इंग्रजी अक्षरात, तारीख आणि जॉब नंबर घालून, आणि मराठीतला तपशील जॉबच्या रजिस्टरात. मराठीचा अभिमान पत्रिकेत दाखवा, फाईलच्या नावात नको.

फोल्डरात फोल्डर लई झाले तर वेगळा अडथळा येतो, कारण विंडोजमधली बरीच सॉफ्टवेअरं फाईलचा पूर्ण पत्ता, म्हणजे वरची सगळी फोल्डरं धरून, २६० अक्षरांच्या पुढं घेत नाहीत. मग त्या खोलवरच्या फोल्डरलाच Z: सारखं ड्राईव्ह लेटर देऊन मॅप करा, पत्ता आपोआप आखूड होतो.

आता डबा दिसतोय पण आत घेईना, हे प्रकरण. विंडोज ११ प्रो चं २४एच२ अपडेट आल्यावर बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग बंद पडतं. कोणीतरी येऊन सांगेल की सिक्युरिटी सेटिंग ढिलं करा नाहीतर जुनं एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवर फाईल देण्याघेण्याची जुनी पद्धत, चालू करा, अजिबात करू नका, २०१७ मधी फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेनं घुसला होता. नॅसवर प्रत्येकाला युजर आणि पासवर्ड करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि १२१९ नंबरची एरर आली तर समजायचं की त्या मशीननं डब्याशी आधीच दुसऱ्या युजरनं कनेक्शन केलंय, विंडोज एकाच सर्व्हरला दोन युजर चालवून घेत नाही. जुनं कनेक्शन तोडा, किंवा दोन्ही हवेच असतील तर एक डब्याच्या नावानं जोडा आणि एक आयपी पत्त्यानं, म्हणजे त्याच्या आकड्यांतल्या नेटवर्क पत्त्यानं, विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात.

स्पीड एकदम पडला तर राऊटरला शिव्या देण्याआधी केबल तपासा. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, आठच्या आठ तारा लागतात, एखादी सुटली तरी लाईन १०० मेगाबिटवर येऊ शकते आणि मग कॉपी सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही, नाहीतर ११० च्या आसपास मिळायला पाहिजे.

दोघांनी एकच फाईल उघडली तर? एक्सेल निदान ‘लॉक आहे’ म्हणून सांगतं. फोटोशॉपच्या फाईलीचा भरवसा नाही, जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहतं आणि आधीच्याची मेहनत पाण्यात, शिवाय अडोबी स्वतःच सांगतं की फाईल लोकल डिस्कवर ठेवून काम करा. आम्ही फाईल आपल्या मशीनवर कॉपी करतो, डब्यावरच्या फाईलच्या नावापुढं आपलं आद्याक्षर लावतो, काम झालं की परत टाकतो आणि आद्याक्षर काढतो. एक्सेलची फाईल कोणीच उघडलेली नसताना लॉक दाखवत असेल तर त्याच फोल्डरात लपलेली, टिल्ड आणि डॉलरनं (~$) सुरू होणारी छोटी फाईल शोधून डिलीट करा, पण आधी सगळ्या टेबलांवर विचारून.

डिलीटवरनं आठवलं, नेटवर्क ड्राईव्हवरनं उडवलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमधी जात नाही. नॅसच्या सेटिंगमधी प्रत्येक शेअर्ड फोल्डरला वेगळं रिसायकल बिन असतंय ते आजच चालू करा, फाईल गेल्यावर चालू करून काय उपयोग नाही.

आणि दोन डिस्कची मिररिंग, म्हणजे एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवर, लावली म्हणून बॅकअप झाला असं समजू नका, दोन्ही एकाच डब्यात आहेत. ऑगस्ट २०१९ आणि परत जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा तिथल्या ओळखीच्या एका प्रेसमधी डबा टेबलाखाली होता. तेव्हापासनं आमची एक यूएसबी डिस्क दर शनिवारी कॉपी घेऊन माझ्याबरोबर घरी दुसऱ्या मजल्यावर येते, आणि महिन्यातनं एकदा तिच्यावरची एखादी जुनी फाईल खरंच उघडते का ते उघडून बघतो.