मेलेला अँटीबॉडी जीन ओळखायचा कसा, अन् तो मेला कशानं हे शोधायचं कसं

अँटीबॉडी म्हणजे जंतूंना धरणारं प्रोटीन, अन् घाव लागून ज्याच्यापासून ते प्रोटीन बनतच नाही तो मेलेला जीन. तो ओळखायला लॅब लागत नाही. मोबाईल, कोडॉनचा तक्ता (डीएनएच्या कोणत्या तीन अक्षरांना कोणतं अमिनो आम्ल ते सांगणारा) अन् थोडं नेट पुरे, आमच्या गावात ते नेट स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तरच येते ते सोडा. बीएस्सीच्या पोरांना शिकवताना पहिला प्रश्न ठरलेला असते, सर, शरीरानं मेलेले जीन ठेवलेच काऊन? मी म्हणतो घरी बापाला विचार, सरकी डोबताना एका जागी दोन दाणे काऊन टाकता, एक नाही निघाला तर दुसरा आहे न बाप्पा, त्या न निघालेल्या दाण्यासाठी कोणी रडत बसत नाही.

जीनचंही तसंच. बीजपेशी बनताना क्रोमोसोमचे एकसारखे तुकडे आजूबाजूला असले की जोडणी तिरपी होते, एका बाजूला जीन दोनदा येतो, दुसऱ्या बाजूचा गायब. अशा डबल कॉपीत एखादीला धक्का लागला तर माणूस मरत नाही, म्हणून निसर्ग तो बिघाड चाळून काढत नाही अन् तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालत येतो. अँटीबॉडी जड अन् हलक्या साखळ्यांची बनते. आपल्या 14 नंबरच्या क्रोमोसोमवर जड साखळीचे व्ही जीन (जंतू धरणाऱ्या टोकाचे तुकडे) आहेत, 1998 मध्ये जपानी टीमनं तो पूर्ण पट्टा वाचला तेव्हा 123 व्ही तुकडे निघाले, त्यातले 79 मेलेले. म्हणजे निम्म्याहून जास्त भंगार!

आता कामाला लागा. आयएमजीटी नावाचा डेटाबेस आहे, फ्रान्समधल्या माँपेलिए इथं 1989 पासून चालते, त्यात प्रत्येक जीनसमोर एफ, ओआरएफ नाहीतर पी लिहिलेलं असते. एफ म्हणजे चालू, पी म्हणजे मेलेला, ओआरएफ म्हणजे वाचता येते पण काहीतरी संशयास्पद आहे. ते अक्षर आधी पाहू नका, हातानं झाकून ठेवा, आपण आपलं तपासा मग टॅली करा.

सिक्वेन्स घेतला की पोरं एक चूक हमखास करतात, पूर्ण तुकडा सलग अमिनो आम्लात ट्रान्सलेट करतात अन् मधात स्टॉप (प्रोटीन थांबवणारा कोडॉन) दिसला की ओरडतात, सर मेलेला! अरे थांब. व्ही जीनमध्ये आधी लीडरचा, म्हणजे सुरुवातीचा, छोटा एक्सॉन (प्रोटीनसाठी ठेवला जाणारा भाग) असते, मग इंट्रॉन (मधला काढून टाकायचा भाग), मग मोठा एक्सॉन, अन् इंट्रॉनमध्ये स्टॉप असला तर काही बिघडत नाही, तो कापूनच जाते. म्हणून इंट्रॉनच्या सुरुवातीला जीटी अन् शेवटी एजी आहे का ते पाहा, ते गेलं असलं तर कापणीच बिघडते, ही वेगळी बिमारी.

मग मोठ्या एक्सॉनमध्ये तीन-तीन अक्षरं मोजत जा. टीएए, टीएजी, टीजीए यातलं काही मधातच आलं तर प्रोटीन तिथंच तुटलं. बहुतेक वेळा हे एका अक्षरानं होते, सीजीएमधल्या सीवर मेथिल (एक छोटा रासायनिक गट) असला की तो सहज टी होतो अन् आर्जिनीनच्या जागी टीजीए बसते, म्हणून सीजी जोडीवर नजर ठेवा. स्टॉप नाही दिसला पण पुढचे अमिनो आम्ल ओळखू येईना झाले तर एखादं-दोन अक्षर गळालं नाहीतर घुसलं आहे, फ्रेम, म्हणजे तीन-तीनची मोजणी, सरकली. प्रोटीनची घडी जमवणारी दोन सिस्टीन नावाची अमिनो आम्लंही तपासा, आयएमजीटीच्या मोजणीत 23 अन् 104 नंबरचे.

सगळं ठीक निघालं तरी खुश होऊ नका, व्ही तुकडा दुसऱ्या तुकड्यांना जोडला तरच पूर्ण जीन बनते, म्हणून त्याच्या मागं जोडणीची खूण असते: सीएसीएजीटीजी, मग 23 अक्षरांचं अंतर (कप्पा नावाच्या हलक्या साखळीत 12), मग एसीएएएएएसीसी. थोडंफार इकडंतिकडं चालते पण पहिलं सीएसी गेलं की काम अडते, कारण तुकडा जोडलाच जात नाही, मग आतलं प्रोटीन कितीही झकास असो. याचं मला फार आवडणारं उदाहरण 1996 चं आहे, अमेरिकेतल्या नवाहो लोकांत कप्पा साखळीच्या ए2 जीनचा असा अलील (त्याच जीनचा वेगळा नमुना) सापडला की ज्याच्या या सात अक्षरांतलं एकच बदललेलं होतं, तो फार कमी जोडला जायचा, अन् त्या लोकांत हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जिवाणूची बिमारी जास्त व्हायची त्याच्याशी याचा संबंध असू शकते असं मांडलं गेलं. म्हणजे एकाच जीनची एका माणसात चांगली कॉपी अन् दुसऱ्यात मोडकी असू शकते, "हा जीन मेलेला" म्हणताना कोणता अलील ते लिहा.

कशानं मेला हे सांगायला त्याच कुटुंबातला जिवंत भाऊ शेजारी ठेवून तुलना करा. एकच घाव असला तर कारण समोर आहे. दहा असले तर पहिला कोणता हे नुसतं पाहून कळत नाही, एकदा मेला की बाकी घाव आपोआप साचत जातात. मग चिंपांझीचा तोच जीन पाहा, जो घाव दोघांत सारखा तो बहुतेक वेगळं होण्याआधीचा. अन् इंट्रॉनच नाही, जागाही वेगळ्याच क्रोमोसोमवर, असं दिसलं तर तो आरएनएवरून उलटा लिहून चिकटलेला समजा, एप्सिलॉन या जड साखळीच्याच जीनची अशी एक कॉपी 9 नंबरवर पडून आहे.

मेलेला म्हणजे बेकामाचा असं मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नका. अंगणातल्या गावरान कोंबडीला जड साखळीचा चालू व्ही जीन एकच, अन् त्याच्या मागं 80 च्या वर मेलेले. ती त्यांचे तुकडे कॉपी करून चालू जीनमध्ये बसवते, जशी आपण बंद पडलेल्या मोटरीची बेरिंग काढून चालू मोटरीत टाकतो, अन् हे काम चालते शेपटीजवळच्या बर्सा नावाच्या पिशवीत. गंबोरो रोग त्याच पिशवीवर येते, म्हणून तो झालेली पिल्लं नंतर दुसऱ्याच बिमारीनं पटापट जातात.