उंच पुस्तकांचं कपाट भिंतीला पक्कं केलं, ते असं

सहा फुटी कपाट मागून ढकलल्यामुळे क्वचितच पडतं. मूल वरच्या फळीला लोंबकळलं की भार पुढे येतो आणि कपाट कलंडतं. म्हणून पकड वरच्या टोकाला हवी.

तीन फूट रुंदीला दोन एल-अँगल (काटकोनात वाकवलेल्या धातूच्या पट्ट्या) पुरतात, दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांजवळ. मागचा पातळ हार्डबोर्ड भार घेत नाही, त्यात स्क्रू मारू नका. अँगल वरच्या जाड फळीवर बसवा. फळी 18 मिमी असेल तर स्क्रू 16 मिमीचा, नाहीतर टोक आरपार जातं.

खरी गडबड भिंतीत होते. प्लास्टरचा थर साधारण 12 ते 20 मिमी असतो. आखूड प्लग (भोकात बसून स्क्रूला पकड देणारी प्लास्टिकची नळी) त्यातच अडकतो आणि झटका बसला की प्लास्टरसकट बाहेर येतो. 8 मिमीचा प्लग, 5 × 60 मिमी स्क्रू आणि 70 मिमी खोल भोक घ्या. खोली कळावी म्हणून ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळा. भोकातली भुकटी फुंकून काढा (डोळे सांभाळून). ती राहिली तर प्लग पूर्ण आत जात नाही. पोकळ ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारत भोक पाडणं) बंद ठेवा आणि आत फुगणारा प्लग वापरा. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते.

भिंतीच्या तळाशी असलेल्या स्कर्टिंगच्या पट्टीमुळे कपाट आणि भिंतीमध्ये वर फट राहते. अँगल वाकवण्यापेक्षा तेवढ्या जाडीची लाकडी पट्टी मागे घाला. शेवटी वरची कड धरून पुढे ओढा. जराही हललं तर प्लग बदला. जड ग्रंथ तळाच्या फळीवरच ठेवा.