सेन्सर चिपचा ड्रायव्हर लिहायचाय? आधी डेटाशीट काढा

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, लिनक्स कर्नलमध्ये काम करायचं तर पुणं नाहीतर बंगळूर गाठावंच लागणार ना?" नोकरीसाठी कदाचित लागेल. शिकायला नाही लागत. कर्नल म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा लिनक्सचा मुख्य भाग. त्यातलं 'ड्रायव्हर्स'खालचं 'एचडब्ल्यूमॉन' (हार्डवेअर मॉनिटरिंग) हे फोल्डर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोलीत बसूनही नीट अभ्यासता येतं. एक रास्पबेरी पाय, एलएम७५ ही तापमान मोजणारी चिप बसवलेला छोटा बोर्ड, चार जंपर वायरी, एक मल्टीमीटर आणि डेटाशीटची (कंपनीने दिलेल्या चिपच्या माहितीची) पीडीएफ वाचायचा संयम एवढं भांडवल पुरतं. यातली शेवटची गोष्टच बाजारात मिळत नाही.

आपल्याकडे 'टेम्परेचर सेन्सर' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे शिरोलीची नाहीतर गोकुळ शिरगावची फाउंड्री येते. भट्टीतलं चौदाशे-पंधराशे अंशांचं लोखंड आणि त्यात बुडवलेलं थर्मोकपल. तो विषय वेगळा. हवेचा दाब, उजेड, आर्द्रता असलं बाहेरच्या जगाचं मोजमाप कर्नलमध्ये बहुतेक करून आयआयओ या उपप्रणालीत जातं. एचडब्ल्यूमॉन बघतं ती संगणकाची स्वतःची तब्येत: बोर्ड किती तापलाय, पंखा किती फिरतोय, १२ व्होल्टच्या लाइनीवर खरोखर १२ आहेत का. नवीन माणसाने पॅच (कोडमधला बदल) चुकीच्या दारात नेला तर पहिलं उत्तर "हे इथं नको" असं येतं आणि उगाच हिरमोड होतो.

बाहेरून बघितलं तर सगळा कारभार साध्या फायलींचा आहे. 'सिस'मधल्या 'क्लास', 'एचडब्ल्यूमॉन' या वाटेने गेलं की 'टेम्प१_इनपुट' नावाची फाइल सापडते. आत ४२५०० असं दिसलं तर तापमान ४२.५ अंश सेल्सिअस. कर्नलमध्ये दशांश चिन्हाचं गणित टाळतात, म्हणून तापमान मिलिडिग्रीत, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, करंट मिलिअँपिअरमध्ये. पॉवर मात्र मायक्रोवॉटमध्ये, हे विसरू नका. पंख्याचा आकडा थेट फेरे प्रति मिनिट. ही नावं आणि एककं ठरलेली आहेत, कारण एलएम-सेन्सर्स या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामची 'सेन्सर्स' कमांड त्यांच्याच भरवशावर चालते. आपल्या मनाने नवीन नावाची फाइल काढायची हौस असेल तर ती तपासणीत अडकणार, हे धरून चाला.

सुरुवात एलएम७५ पासूनच करा असं मी सांगतो, कारण अख्खी चिप चार रजिस्टरांत (चिपमधल्या छोट्या कप्प्यांत) संपते: तापमान, कॉन्फिगरेशन आणि दोन मर्यादा. मोजायची कक्षा उणे ५५ ते १२५ अंश. मूळ चिपमध्ये तापमान ९ बिटांत येतं, म्हणजे अर्ध्या अंशाची पायरी. वाचायला सोपं वाटतं. गंमत पुढे आहे. चिप वरचा बाइट आधी पाठवते आणि एसएमबसच्या (चिपशी बोलायच्या दोन तारांच्या बसच्या) रिवाजाप्रमाणे शब्दातला खालचा बाइट आधी येतो. २५ अंशांना चिपमध्ये हेक्स १९०० असतं, ते उलटून ००१९ झालं. बाइट न पलटता तोच शब्द सात बिट उजवीकडे सरकवला की खोलीतलं तापमान शून्य दिसतं. म्हणून कर्नलमध्ये बाइट पलटून वाचणारं वेगळं फंक्शनच आहे.

दुसरी खोड चिन्हाची. उणे २५ म्हणजे हेक्स ई७००. हा आकडा चिन्ह नसलेला म्हणून वाचला तर २३१ अंश मिळतात. कोल्हापुरात पारा शून्याखाली उतरत नाही, त्यामुळे असला ड्रायव्हर आपल्या टेबलावर जन्मभर बरोबर चालेल आणि लेहमधल्या एखाद्या खोक्यात पहिल्याच रात्री बोंब ठोकेल. यावर उपाय आहे 'आयटूसी-स्टब' नावाचं मॉड्यूल. ते संगणकात खोटी चिप उभी करतं. पत्ता हेक्स ४८ द्यायचा, बाइटांची अदलाबदल ध्यानात धरून रजिस्टरात ई७०० भरायचं आणि ड्रायव्हर काय बोलतो ते ऐकायचं. खरी चिप हातात यायच्या आधीच निम्मा अभ्यास यावर होतो. माझ्या मते कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढंच केलं तरी एलईडी लुकलुकवण्यापेक्षा लई बरं.

आणि नावावर जाऊ नका. एनएक्सपी कंपनीची एलएम७५ए ही चिप ११ बिट देते, पायरी ०.१२५ अंश. नाव तेच, पाय तेच, पायरी वेगळी. म्हणून ड्रायव्हरमध्ये प्रत्येक प्रकाराची बिटं वेगळी लिहून ठेवलेली दिसतात. बोर्डावरच्या चिपवर काय छापलंय ते भिंगाने वाचायचं आणि त्याच कंपनीची डेटाशीट उघडायची.

पंख्याचा भाग मला शिरोलीतल्या एका फाउंड्रीने शिकवला. तिथं वाळूची काळी धूळ बारीक पिठासारखी सगळीकडे शिरते. पॅनेलमध्ये डेटा लॉगिंगचा जुना पीसी होता आणि त्याच्या पंख्याचा आकडा अचानक शून्य दिसायला लागला. मेंटेनन्सचे काका झाकण उघडून म्हणाले, "फिरतोय की ओ पंखा! तुमचं मशीन शून्य कशाला सांगतंय?" काकांचं बरोबर होतं, आणि चिपही खोटं बोलत नव्हती. या जुन्या चिपा पंख्याचा वेग थेट मोजत नाहीत. पंखा एक फेरा घेईपर्यंत आतल्या घड्याळाचे किती ठोके पडले ते मोजतात. घड्याळ सेकंदाला २२,५०० ठोक्यांचं, म्हणून मिनिटाचे फेरे म्हणजे १३,५०,००० भागिले (ठोके गुणिले भाजक). भाजक म्हणजे ते घड्याळ जितक्या पटीने हळू केलंय तो आकडा. काउंटर ८ बिटांचा, २५५ ला पोचला की तिथंच थांबतो आणि ड्रायव्हर त्याचा अर्थ पंखा बंद असा लावून शून्य दाखवतो. भाजक २ असेल तर साधारण २,६५० फेऱ्यांखालचा कुठलाही पंखा मेलेलाच दिसणार. धुळीने जड झालेला आमचा पंखा २,४०० च्या आसपास आला होता. त्याला ठोके लागत होते २८१, मोजता येत होते २५५. 'फॅन१_डिव्ह' मध्ये भाजक ४ केला, ठोके १४० वर आले, आकडा उगवला. काही ड्रायव्हर हा भाजक आपोआप बदलतात, आणि नव्या चिपांत काउंटरच मोठे असतात. तरी जुनी चिप कशी मोजते ते समजल्याशिवाय हे कोड वाचताना अर्धं डोक्यावरून जातं. (पंखा शेवटी बदललाच. आकडा बरोबर आला म्हणून धूळ जात नाही.)

व्होल्टेजबद्दल एकच सांगतो. चिपच्या पायावर १२ व्होल्ट थेट देता येत नाहीत. एलएम७८ सारख्या चिपची मोजणी ४ व्होल्टच्या आसपास संपते, म्हणून बोर्डावर दोन रोधकांनी व्होल्टेज वाटून देतात. ३० किलोओहम आणि १० किलोओहम असतील तर चिपला ३ व्होल्ट दिसतात. हे रोधक प्रत्येक मदरबोर्डवर वेगळे, ड्रायव्हरला ते कळायला मार्ग नाही. म्हणून ड्रायव्हरने चिपच्या पायावर जे आहे तेच सांगायचं, गुणाकार एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिगरेशन फाइलीत. "माझ्या बोर्डावर बरोबर येतंय" म्हणून चारचा गुणाकार ड्रायव्हरमध्ये कोंबायचा मोह टाळा.

चिप ओळखणं हा सगळ्यात जोखमीचा भाग आहे आणि नवीन मुलं तोच पटकन उरकतात. एलएम७५ ला ओळख सांगणारं रजिस्टर नाही. पत्ते ४८ ते ४एफ असे आठ, तिथं दुसरीच चिपही बसलेली असू शकते. मग ड्रायव्हर रजिस्टरं ठरावीक अंतराने तीच उत्तरं पुन्हा देतात का, असल्या खुणांवरून अंदाज बांधतो. नुसत्या चाचपणीनेही नुकसान होतं: आयबीएमच्या काही जुन्या थिंकपॅडमध्ये २४आरएफ०८ नावाची मेमरी चिप होती, बस चाचपताना तिच्यातला मजकूर बिघडला आणि लॅपटॉप सुरूच होईनासे झाले. तेव्हा चिपची खात्री पटेपर्यंत तिच्यात काहीही लिहायचं नाही, हा नियम पाळा. रास्पबेरी पायसारख्या बोर्डावर तर शोधाशोध करायचीच नाही. कुठल्या पत्त्यावर कोण आहे ते डिव्हाइस ट्रीत (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या यादीत) लिहून द्यायचं.

पीसीच्या बोर्डावर बहुतेक वेळा सुपर आयओ चिप असते (तापमान, पंखे बघायचं काम हिच्यातच असतं), आयटीई नाहीतर नुव्होटॉन कंपनीची. त्यांचे ड्रायव्हर आयटी८७ आणि एनसीटी६७७५. ते मोठे आहेत, पहिल्याच आठवड्यात उघडलेत तर घाबराल. बायोसही त्याच चिपशी बोलत असतो, त्यामुळे एसीपीआयशी (बायोसच्या बाजूने हार्डवेअर हाताळणाऱ्या यंत्रणेशी) रिसोर्सची टक्कर होते. हा विषय नंतरचा.

कोडचा सांगाडा लहान आहे. 'प्रोब' मध्ये चिप ताब्यात घ्यायची, कुठल्या फायली दिसाव्यात आणि त्यांना कुठली परवानगी ते 'इज_व्हिजिबल' मध्ये सांगायचं, मग 'रीड' आणि 'राइट'. फायली बनवायचं काम गाभ्याचं कोड करतं. जुन्या ड्रायव्हरांत प्रत्येक फाइलीसाठी वेगळं फंक्शन लिहिलेलं दिसेल. ती पद्धत वाचा, उचलू नका. मर्यादा लिहून घेताना वापरणाऱ्याने ५०० अंश दिले तरी एरर न देता १२५ वर आणून ठेवायचं, तेही गुणाकार-भागाकाराच्या आधी. ही रीत दस्तऐवजात लिहिलेली आहे. 'डॉक्युमेंटेशन'मधल्या 'एचडब्ल्यूमॉन'मध्ये पॅच कसा पाठवायचा याची एक छोटी फाइल आहे, ती कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी वाचून काढा. मी पाहिलेल्या बहुतेक नवख्या पॅचांवरची निम्मी टिप्पणी त्या फाइलीतच आधीपासून असते.

पहिला पॅच नवीन ड्रायव्हरचा नसावा. आहे त्या ड्रायव्हरमध्ये एखादी भावंड-चिप जोडणं किंवा जुन्या पद्धतीची नोंदणी नव्या पद्धतीवर आणणं, असं काहीतरी घ्या. कोडची शैली तपासणारं चेकपॅच 'स्ट्रिक्ट' लावून चालवा, कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्टला विचारा, स्वतःच्या खऱ्या नावाने साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी सही) लिहा आणि गिटच्या सेंड-ईमेलने साध्या मजकुरात पाठवा. एचडब्ल्यूमॉन गेली अनेक वर्षं ग्युंटर रोएक सांभाळतात. तिथली उत्तरं तोकडी आणि नेमकी असतात. "का?" एवढंच विचारलेलं असेल तर तो राग नसतो, त्यांना कारणच हवं असतं. आपल्याकडे मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारू नये असं शिकवतात, इथं डेटाशीटचं पान दाखवून नम्रपणे वाद घातला तर चालतो. दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा.

नोकरीचं म्हणाल तर 'हार्डवेअर मॉनिटरिंग ड्रायव्हर डेव्हलपर' अशी जाहिरात शोधत बसू नका, मिळायची नाही. पण नवीन बोर्डावर लिनक्स उभं करणाऱ्यांना, सर्व्हरच्या बीएमसीवर (सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या चिपवर) काम करणाऱ्यांना हेच कौशल्य लागतं. बीएमसीचं सॉफ्टवेअर ओपनबीएमसी तापमान आणि पंख्यांचे आकडे याच फायलींतून उचलतं, आणि सर्व्हरच्या पॉवर सप्लायशी बोलणारे पीएमबसचे ड्रायव्हरही एचडब्ल्यूमॉनच्याच पोटात आहेत. मुलाखतीत "सी येतं का" यापेक्षा "ही डेटाशीट, यातलं तापमान काढून दाखव" असं विचारणारा भेटला तर तुमचं नशीब चांगलं.

पॅच पाठवल्यावर निदान एक-दोन आठवडे थांबा. कर्नलची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि त्यातले पहिले दोन आठवडे विलीनीकरणाचे, तेव्हा कोणी नवीन काही बघेल ही अपेक्षा धरू नका. त्या वेळात ओळखीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे जा, कोपऱ्यात पडलेले जुने मदरबोर्ड चालू करून बघायची परवानगी मागा. प्रत्येकावर 'सेन्सर्स' चालवा, बायोसच्या पडद्यावरचे आकडे शेजारी लिहा, १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर मल्टीमीटर लावा. दुसऱ्या कोणाचा पॅच त्यातल्या एखाद्या चिपसाठी आला असेल तर तो लावून बघा आणि आकडे जुळले की आपल्या नावाने टेस्टेड-बाय (तपासून पाहिल्याची नोंद) पाठवा.